पान काळंनिळं होतच नाही! जीवनप्रक्रियांचे तीन प्रयोग चुकतात कुठे आणि करायचे कसे

नववी-दहावीच्या वर्गात दर वर्षी हे तीन प्रयोग होतात: पानातलं स्टार्च तपासणं, मोड आलेल्या मटकीचं श्वसन दाखवणं आणि लाळेने स्टार्च पचतं हे पाहणं. आणि दर वर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. "सर, अख्खं पानच काळं झालं." "उकडलेल्या मटकीच्या बरणीतही चुन्याची निवळी दुधाळ झाली." मग वहीत पुस्तकातलं उत्तर उतरवलं जातं आणि प्रयोग झाला असं धरलं जातं. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण चूक शेवटच्या पायरीवर जवळजवळ कधीच नसते. कुंडी कुठे ठेवली, चुना कधी कालवला, पेज किती गार केली, अशा आधीच्या कामांत ती होऊन गेलेली असते.

तिन्ही प्रयोग एका धाग्यात ओवता येतात. पान उन्हात अन्न तयार करून स्टार्चच्या रूपात साठवतं. मटकीचं बी साठवलेलं अन्न मोडून त्यातली ऊर्जा मोड काढायला वापरतं. आणि आपण भाताचा घास चावतो तेव्हा लाळ तेच स्टार्च तोडायला लागते. म्हणून हे प्रयोग एकाच रविवारी करावेत असं मी सुचवतो. आयोडीन स्टार्चला काळंनिळं करतं, तेव्हा पान आणि लाळ या दोन्ही प्रयोगांना आयोडीनची एकच बाटली पुरते. मोठं माणूस सोबत हवंच.

## टप्पा १: शुक्रवारपासूनची तयारी

रविवारी सकाळी नऊला सुरुवात करायची असेल तर मागे मोजत या.

शुक्रवारी सकाळी कुंडीतल्या जास्वंदीला पाणी घाला आणि ती पूर्ण अंधारात ठेवा. पानात आधीपासून स्टार्च असतं. ते झाडाने वापरून संपवायला अंधारात ४८ तास तरी द्या. नुसती खोली अंधारी करून भागत नाही, आणि दिवसातून दहादा उघडलं जाणारं कपाटही उपयोगाचं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पुठ्ठ्याचं मोठं खोकं कुंडीवर उलटं घालायचं आणि हात धरायच्या भोकांवर काळा कागद चिकटवायचा.

शुक्रवारी रात्री दोन कामं करा. दोन मुठी मटकी भिजत घाला. आणि काचेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात विड्याच्या पानाला लावायचा चुना चमचाभर ढवळा, झाकण घट्ट लावा आणि बाटली हलवायची नाही अशा जागी ठेवून द्या.

शनिवारी सकाळी मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधा. रविवारपर्यंत बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे मोड आले की पुरे. फार लांब मोडांची मटकी लगेच चिकट होते आणि तिच्यावर जिवाणू वाढतात.

शनिवारी संध्याकाळी आयोडीन तयार करा. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचं करा. गडद आयोडीन ओतलं की त्याचा स्वतःचाच तपकिरी रंग एवढा चढतो की पुढचं काही ओळखू येत नाही.

झाडाची निवडही आत्ताच व्हायला हवी. जास्वंदीचं पान मऊ, पातळ आणि हाताळायला मोठं असतं. रबराचं झाड, क्रोटन, आंबा यांची पानं जाड आणि मेणचट असतात, त्यांचा रंग निघता निघत नाही. कांद्याची पात तर घेऊच नका. तिच्यात अन्न मुख्यतः साखरेच्या रूपात साठतं, त्यामुळे सगळं बिनचूक केलं तरी आयोडीन काहीच दाखवणार नाही.

पावसाळ्यात हा प्रयोग लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैच्या ढगाळ दिवशी पान जेमतेम रंग दाखवतं आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. ऑक्टोबरचं ऊन उत्तम. अगदीच नाइलाज असेल तर फूटभर अंतरावर प्रखर एलईडी दिवा लावा आणि वेळ दुप्पट धरा.

तपासा: आयोडीनचा एक थेंब शिजलेल्या भाताच्या शितावर आणि एक थेंब साखरेच्या पाण्यात टाका. शीत काळंनिळं व्हायला हवं, साखरेचं पाणी पिवळटच राहायला हवं. असं झालं नाही तर आयोडीन बदला, पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पान झाकणं

रविवारी सकाळी कुंडी उन्हात नेण्याआधी घरात, मंद उजेडातच एक पान तोडून बाजूला ठेवा. या पानाची चाचणी (टप्पा ३ मध्ये दिली आहे तशी) सगळ्यात आधी करायची आहे. ते काळंनिळं झालं, तर झाडातलं जुनं स्टार्च अजून संपलेलं नाही. कुंडी परत अंधारात ठेवा आणि प्रयोग एक दिवस पुढे ढकला. ही पायरी बहुतेक वर्गांत गाळली जाते आणि "अख्खं पान काळं झालं" ही तक्रार तिथूनच जन्माला येते.

हे आधी तोडलेलं पान तपकिरी राहिलं, म्हणजे स्टार्च नाही. आता झाडावरचीच दोन पानं घ्या.

पहिल्या पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावा, दोन्ही बाजूंनी, आणि पेपरक्लिपने घट्ट धरा. फक्त वरून लावली तर खालून प्रकाश शिरतो. दुसऱ्या पानावर त्याच मापाची, तशीच दोन्ही बाजूंनी, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा. ही दुसरी पट्टी कशाला, असं मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवं. काळ्या कागदाने फक्त प्रकाश अडत नाही, पानाची पर्णरंध्रं, म्हणजे वायू आत-बाहेर जायची बारीक छिद्रंही झाकली जातात, कार्बन डायऑक्साइडही कमी पोचतो. मग पट्टीखाली स्टार्च झालं नाही ते प्रकाशाअभावी की वायूअभावी? पारदर्शक पट्टी वायू तितकाच अडवते, पण प्रकाश जाऊ देते. तिच्याखाली स्टार्च सापडलं तर कारण प्रकाशच होता असं ठामपणे म्हणता येतं.

कुंडी ४ ते ५ तास थेट उन्हात ठेवा.

सावधान: पट्ट्या काढण्याआधी दोन्ही पानांचं चित्र वहीत काढा आणि पट्टी कुठे होती ते त्यावर दाखवा. काळ्या पट्टीच्या पानाच्या कडेला कात्रीने एक छोटी खाच मारा. रंग गेल्यावर दोन्ही पानं सारखीच फिकट दिसतात, आणि कोणतं कोणाचं यावरून वाद होतो.

## टप्पा ३: पानाचा रंग काढणं आणि चाचणी

पान तोडलं की लगेच कामाला लागा. तोडून तासभर ठेवलेलं पान जिवंतच असतं, ते साठवलेलं अन्न वापरत राहतं.

1. पातेल्यात पाणी उकळा आणि पान चिमट्याने मिनिटभर त्यात बुडवा. पान लगेच लुळं पडतं. त्यातल्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम थांबतं आणि पेशींची पटलं फुटल्याने पुढे आयोडीन आत शिरू शकतं.

2. गॅस बंद करा. स्पिरिटची बाटली ज्योत विझल्यावरच उघडायची. स्पिरिट म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, ते सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याची वाफ लांबच्या ज्योतीनेही पेटते. स्पिरिटचं पातेलं थेट गॅसवर ठेवणं हा या प्रयोगातला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे.

3. पान परीक्षानळीत ठेवा, बुडेल इतकं स्पिरिट ओता आणि ती नळी त्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. पाच-दहा मिनिटांत स्पिरिट हिरवंगार होतं आणि पान फिकट पिवळसर पांढरं. पाणी निवलं तर नळी बाहेर काढून पाणी दुसरीकडे पुन्हा तापवा.

4. आता पान कागदासारखं ठिसूळ झालेलं असतं. तसंच उलगडायला गेलात तर तुकडे हातात येतील. कोमट पाण्यात अलगद बुडवा, मऊ होतं.

5. पांढऱ्या बशीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग आयोडीनचे थेंब सगळीकडे टाका. दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेने जातो, त्यामुळे गरम पानावर आयोडीन टाकलं तर स्टार्च असूनही काही दिसत नाही.

काळ्या पट्टीच्या पानावर उघडा भाग काळानिळा आणि मधली पट्टी तपकिरी पिवळट, असं दिसायला हवं. ती पट्टी कधी इतकी रेखीव उमटते की क्लिपच्या कडेची रेघसुद्धा वेगळी कळते. ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल प्रकाशसंश्लेषण परत पाठ करत बसत नाही.

तसं दिसलं नाही तर कारण बहुधा यातलंच असतं. दोन्ही पानं तपकिरीच राहिली: ऊन कमी पडलं किंवा झाडाची निवड चुकली. हिरवट काळपट डाग डाग दिसले: हरितद्रव्य पूर्ण निघालं नव्हतं, स्पिरिटमध्ये अजून ठेवायला हवं होतं. काळ्या पट्टीखालीही रंग आला: एक तर कागद सैल होता, नाहीतर सुरुवातीचं पान तपासायचं राहून गेलं.

## टप्पा ४: मटकीचं श्वसन

पान उन्हात असतानाच हा प्रयोग मांडता येतो.

आधी चुन्याची निवळी. शुक्रवारी ठेवलेल्या बाटलीत वर स्वच्छ पाणी दिसेल. ते न हलवता गाळणकागदातून दुसऱ्या बाटलीत ओता, काठोकाठ भरा आणि झाकण लावा. उघड्या भांड्यात निवळीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरा थर धरतो. आधीच गढूळ झालेली निवळी घेऊन प्रयोग केला तर तो सुरू होण्याआधीच फसलेला असतो. चुना डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

सारख्या आकाराच्या तीन रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या घ्या.

- पहिलीत ओल्या कापसावर मोड आलेली मटकी.
- दुसरीत तितकीच मोड आलेली मटकी, पण १० मिनिटं उकळून, झाकून पूर्ण गार केलेली आणि जंतुनाशकाच्या पाण्याने धुतलेली.
- तिसरीत फक्त ओला कापूस.

प्रत्येक बरणीत निवळीची छोटी नळी दोऱ्याने टांगा. नळी मटकीला टेकता कामा नये. झाकण घट्ट लावा, कडेला व्हॅसलीन फिरवा आणि तिन्ही बरण्या सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेल्या कोंबांना हिरवेपणा येऊ लागला तर ते स्वतःच कार्बन डायऑक्साइड वापरू लागतात.

दर अर्ध्या तासाने पाहा. पहिल्या बरणीतली निवळी काही वेळाने दुधाळ होते, कारण श्वसनातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो. तिसऱ्या बरणीचं काम हवेतला कार्बन डायऑक्साइड किती फरक पाडतो ते दाखवणं. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असल्यामुळे तिथे फार तर पुसटशी साय दिसेल.

सावधान: बरण्या रात्रभर ठेवू नका. उकडलेल्या मटकीवर जिवाणू आणि बुरशी वाढायला लागतात, तेही श्वसन करतात, आणि दुसरी बरणी दुधाळ होते. मग मुलं लिहितात, "मेलेलं बीसुद्धा श्वसन करतं." नेमकी हीच गडबड टाळायला जंतुनाशक वापरायचं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मटकी पाण्यात बुडवून ठेवणं. पाण्याखाली ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. कापूस ओलसर हवा, निथळणारा नको.

निवळीत नळीने फुंकून माणसाचा उच्छ्वास दाखवायचा असेल तर हळू फुंका आणि चुकूनही ओढून घेऊ नका. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असल्यामुळे निवळी लगेच दुधाळ होते. मात्र फुंकतच राहिलात तर ती पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. दुधाळ झाली की थांबा आणि नोंद करा.

## टप्पा ५: लाळ आणि पेज

तिन्हींत हा सगळ्यात लहान प्रयोग, पण घाईने सगळ्यात जास्त बिघडणारा.

१०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून थोडं कमी, आरारूट किंवा मक्याचं पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळा. पारदर्शक पेज झाली की पूर्ण गार करा. गरम पेजेत लाळ घातली तर लाळेतलं अमायलेज हे विकर निकामी होतं. शिवाय गरम पेजेत आयोडीनचा रंगच येत नाही, आणि रंग आला नाही म्हणजे स्टार्च पचलं असा उलटा अर्थ लावला जातो. एका घाईत दोन चुका, दोन्ही विरुद्ध दिशांच्या.

प्रत्येकाने स्वतःची लाळ स्वतःच्या नळीत घ्यायची, दुसऱ्याची हाताळायची नाही. आधी चूळ भरा, दोन मिनिटं थांबा, मग साधारण ३ मिलिलिटर लाळ जमवा आणि तितकंच पाणी मिसळा. तिचा एक भाग वेगळ्या नळीत उकळून गार करा.

तीन परीक्षानळ्यांवर अ, ब, क लिहा. प्रत्येकीत ५ मिलिलिटर पेज. अ मध्ये १ मिलिलिटर लाळ, ब मध्ये १ मिलिलिटर साधं पाणी, क मध्ये १ मिलिलिटर उकळून गार केलेली लाळ. तिन्ही नळ्या सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उभ्या करा. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने पाहतात तितकं कोमट धरा.

आता पांढऱ्या ताटलीत आयोडीनच्या थेंबांच्या तीन ओळी मांडा, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशा. दर मिनिटाला प्रत्येक नळीतला एक थेंब वेगळ्या ड्रॉपरने त्या त्या ओळीतल्या पुढच्या ठिपक्यात सोडा. ड्रॉपर एकच वापरला तर अ मधली लाळ ब मध्ये जाते आणि ब चाही रंग उडतो. नळीतच आयोडीन ओतू नका. पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्या मिनिटाचा थेंब शेजारी शेजारी दिसणं, हाच या मांडणीचा सगळा फायदा आहे.

अ ची ओळ काळ्यानिळ्यापासून सुरू होऊन लालसर तपकिरीवर येते आणि शेवटी आयोडीनचा पिवळट रंगच उरतो. ब आणि क च्या ओळी शेवटपर्यंत काळ्यानिळ्या. रंग जायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो, कारण लाळेतलं अमायलेज सगळ्यांचं सारखं नसतं. शेजारच्याचा ४ मिनिटांत गेला आणि तुमचा ९ मिनिटांत, तर तुमचा प्रयोग चुकलेला नाही.

## टप्पा ६: वहीत लिहिताना

निरीक्षण आणि अनुमान वेगळं लिहा. "झाकलेला भाग तपकिरी राहिला" हे निरीक्षण. "स्टार्च तयार व्हायला प्रकाश लागतो" हे अनुमान. या प्रयोगात ऑक्सिजन बाहेर पडतो हे आपण पाहिलेलं नाही, तेव्हा ते इथे लिहू नका.

ही वाक्यं मी दर वर्षी लाल शाईने खोडतो:

"वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात." चूक. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते लक्षात येत नाही, एवढंच.

"श्वसन म्हणजे श्वास घेणं." चूक. श्वास घेणं-सोडणं हा श्वासोच्छ्वास. श्वसन पेशींत होतं, ग्लुकोजमधली ऊर्जा तिथे मोकळी होते. मटकीला फुप्फुसं नाहीत, तरी तिने निवळी दुधाळ केलीच.

"लाळेने स्टार्चचं ग्लुकोज झालं." चूक. अमायलेजने मुख्यतः माल्टोज तयार होतं. ग्लुकोजपर्यंतचं काम पुढे लहान आतड्यात पूर्ण होतं. आणि रंग गेला यावरून फक्त स्टार्च उरलं नाही इतकंच कळतं. साखर झाली हे दाखवायला बेनेडिक्टची चाचणी वेगळी करावी लागते.

निकाल पुस्तकाशी जुळला नाही तर जे दिसलं तेच लिहा आणि खाली संभाव्य कारण द्या. पट्टी सैल होती, पेज कोमट होती, जे असेल ते. अशा वहीला मी पूर्ण गुण देतो.

सगळं आवरताना हिरवं झालेलं स्पिरिट मोरीत न ओतता झाकणाच्या बाटलीत प्रयोगशाळेत परत द्या. लाळेच्या नळ्या उकळत्या पाण्यात टाकून मग धुवा. बरणीतली मटकी, कितीही ताजी दिसली तरी, उसळीत घालू नका, तिला जंतुनाशकाचा आणि चुन्याचा हात लागलेला असतो. आणि जास्वंदीची कुंडी परत तिच्या उन्हाच्या जागी ठेवा, दोन दिवस अंधारात काढलेत तिने.